मशीन खरंच न्यूट्रल असतं?

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी आलं तरी आपण खूश! मग जपानी जहाजांवर लेख कशाला? कारण त्यातलं एक आपल्या शेजारी, गोव्यात येऊन गेलंय.

ऑक्टोबर १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं, पण गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे तटस्थ. मुरगाव बंदरात 'तेइया मारू' हे प्रवासी जहाज लागलं. मूळचं फ्रेंच 'आरामिस', जपानने ताब्यात घेतलेलं. त्यात जपानच्या कब्जातल्या भागांत अडकलेले सुमारे १५०० नागरिक होते, बहुतेक अमेरिकन. स्वीडनचं 'ग्रिप्सहोम' जवळपास तेवढेच जपानी घेऊन आलं. माणसांची अदलाबदल झाली आणि दोन्ही जहाजं सुखरूप परत गेली. समुद्रात पाणबुड्या होत्याच! पण 'तेइया मारू'वर मोठे पांढरे क्रॉस रंगवले होते आणि दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द पाळला.

ऑगस्ट १९४४ मध्ये मात्र हेच जहाज सैनिक घेऊन जात होतं. फिलिपाईन्सजवळ अमेरिकन पाणबुडीने ते बुडवलं. २६०० हून जास्त माणसं गेली. इंजिन तेच होतं, काम बदललं होतं.

आता तुम्ही म्हणाल, बघ, मशीन न्यूट्रलच असतं, वापरणारा चांगला किंवा वाईट. मला हे अर्धंच पटतं. 'काशिवारा मारू' आणि 'इझुमो मारू' या लाइनर्सना जपान सरकारने भरपूर सबसिडी दिली. का? तर वेळ आली की त्यांची विमानवाहू जहाजं करता यावीत, असं डिझाइनच होतं. १९४२ मध्ये ती 'जुन्यो' आणि 'हियो' या नावांनी नौदलात दाखल झाली. प्रवासी म्हणून एकही माणूस त्यांत कधी बसला नाही. म्हणजे युद्ध ड्रॉइंग शीटवर आधीपासूनच होतं, आणि ती शीट आपल्यासारख्याच कोणा इंजिनिअरने काढली असणार ना?

उद्या आपल्यातलं कोणी ड्रोन बनवेल, कोणी चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर. नोकरी नाकारा असं मी म्हणत नाही. घरचं लोन मलाही माहीत आहे. पण इंटरव्ह्यूत पॅकेज विचारतो, तसं 'हे नक्की कशासाठी बनवताय?' हेही विचारायला काय हरकत आहे? उत्तर टाळलं गेलं, तर तेही एक उत्तरच समजा.