जुने पुस्तक आणि जुने यंत्र

यंदा माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहातील मुलांसाठी संगणक-निधी उभारण्याचे ठरविले, आणि त्यापाठोपाठ एक प्रस्ताव पुढे आला. मुंबईतील एका कार्यालयाने वापरून बाजूला ठेवलेले, पडदा सुटा करता येणारे टॅबलेट-लॅपटॉप मोठ्या सवलतीत मिळत आहेत. एका नव्या लॅपटॉपच्या किमतीत असे तीन येतील, तेव्हा सबंध लॉट उचलावा, असे सुचविणाऱ्यांचे म्हणणे आहे. सूचना सद्भावनेची आहे, यात शंका नाही. परंतु हा पैसा रोजंदारीवर जाणाऱ्या पालकांनी आणि नोकरीस लागलेल्या मुलामुलींनी पगारातून काढून दिलेला आहे. म्हणून खरेदीपूर्वी त्यावर चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रस्ताव ऐकून एका पालकांनी विचारले, “आमच्या लेकरांच्या वाट्याला कायम दुसऱ्यानं वापरून टाकलेलंच का?” या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा, असे आपल्या माणसांना निक्षून सांगितले. तरीही जुन्या वस्तूचा सरसकट तिटकारा आम्हांस मान्य नाही. त्याच बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे 2,000 ग्रंथ जमविले, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात नमूद आहे. त्या ग्रंथांना आधी कोणाचा हात लागला होता, याची फिकीर त्यांनी केली नाही. जुने आणि शिळे यांत फरक आहे, आणि प्रस्तुत यंत्रे यांपैकी कशात मोडतात, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पुस्तक शंभर वर्षांनीही उघडता येते. संगणकाचे तसे नसते. तो ज्या प्रणालीवर चालतो, तिची डागडुजी कंपनी करते तोवरच तो सुरक्षित. विंडोज 10 या प्रणालीची सर्वसाधारण डागडुजी मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबविली. शाळांना दरवर्षी शुल्क भरून ती जास्तीत जास्त तीन वर्षे लांबविता येते, पुढे नाही. विंडोज 11 अधिकृतपणे चालविण्यासाठी इंटेलचा प्रोसेसर, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. सवलतीत दिसणाऱ्या यंत्रांत 2015 चे सरफेस प्रो 4 आणि 2017 चे सरफेस प्रो हमखास असतात. ती अनुक्रमे सहाव्या आणि सातव्या पिढीची. सरफेस गो तर 2018 चे असूनही या यादीत बसत नाही, मात्र त्याच वर्षीचे सरफेस प्रो 6 बसते. म्हणजे नुसते साल विचारूनही भागत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना विद्यार्थिनीचा आधार क्रमांक आणि बँकेचे खाते ज्या यंत्रावर टंकले जाणार, ते असे उघड्या दाराचे असणे आम्हांस पटत नाही.

याहून मोठी अडचण दुरुस्तीची. या यंत्रांची बॅटरी आत डिंकाने चिकटविलेली असते आणि तिथवर पोहोचायला काचेचा पडदा तापवून उचकटावा लागतो. रॅम मुख्य बोर्डावरच झाळलेली, त्यामुळे ती पुढे वाढविता येत नाही. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा 44-45 अंशांवर जातो, वसतिगृहाच्या खोल्यांवर पत्रे आहेत, आणि लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर झिजते, प्रसंगी फुगते. गोलाणी मार्केटमधील किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील कारागीर साध्या लॅपटॉपची बॅटरी, की-बोर्ड, हार्डडिस्क सहज बदलून देतो. चिकटविलेला पडदा उघडायला मात्र तो सहसा धजावत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

पडद्यावर पेनाने लिहिता येते, गणिते सोडविता येतात, हे आकर्षण खरे आहे. कार्यालयात बैठकी करणाऱ्यास ते उपयोगीही असेल. पण साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतून आलेल्या आमच्या मुलांना मुख्यतः हवे आहे ते टंकलेखन, महाडीबीटीवरचे अर्ज, पॉलिटेक्निक व अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या आणि थोडे प्रोग्रॅमिंग. त्यासाठी भक्कम की-बोर्ड लागतो, आणि या यंत्रांत तोच पुष्कळदा वेगळा विकत घ्यावा लागतो. जाहिरातीतील किमतीत तो धरलेला आहे का, हे आधी पाहावे.

आमचे एक तरुण सहकारी म्हणतात, लिनक्स टाकून हीच यंत्रे चालवू. साध्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स उत्तम चालते, आणि संगणककक्षात ते आणावे असे आमचेही मत आहे. परंतु या टॅबलेटांचे पेन, स्पर्श आणि कॅमेरा त्यावर नीट चालण्यासाठी पुष्कळ खटपट करावी लागते. ती खटपट करणारे सहकारी उद्या बदलून गेले, तर कपाटात लॉट पडून राहील.

म्हणून आमचे मत असे की, हा लॉट घेऊ नये. जुनेच घ्यायचे, तर कार्यालयांतून निघालेले साधे, जाड बांध्याचे, आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे लॅपटॉप घ्यावेत. त्यांची रॅम वाढविता येते आणि बॅटरी स्क्रू काढून बदलता येते, याची खात्री करावी. संख्या कमी येईल, हे आम्ही जाणतो. तीसऐवजी बारा-पंधरा यंत्रे येतील, आणि ती मुलांच्या हाती वैयक्तिक न देता वाचनालयाच्या टेबलांवर ठेवावी लागतील. सातवी-आठवीच्या मुलांची निराशा होईल. दहावी-बारावीच्या आणि अर्ज भरणाऱ्या मुलांना अग्रक्रम द्यावा लागेल. त्याचे वेळापत्रक करण्यास शिक्षकवृंद तयार आहे.

समितीस एकच विनंती. पैसे देण्यापूर्वी एक यंत्र आठ दिवस मागून घ्यावे, वसतिगृहातच वापरून पाहावे, चार्जर काढून बॅटरी किती तास टिकते ते घड्याळ लावून मोजावे, आणि बिलावर प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, प्रोसेसर व हमीची मुदत लिहून घ्यावी.