सभामंडपात एक संगीतिका

गेल्या महिन्यात बडोद्यातील आमच्या भागातल्या एका देवळाच्या विश्वस्तांकडे मी एक अर्ज घेऊन गेलो होतो. सभामंडप एका रविवारी संध्याकाळी दीड तास मिळावा, तेथे माझ्या संगीतवर्गातील विद्यार्थी चाळीस मिनिटांची एक संगीतिका सादर करतील, तिकीट नाही, ध्वनिक्षेपक नाही, एवढाच त्या अर्जाचा मतलब. विश्वस्तांनी चहा दिला, अर्ज दोनदा वाचला आणि मऊपणाने म्हणाले, "मास्तर, गाणे कितीही करा, आमची ना नाही. पण मेलेल्या पोराची गोष्ट देवळात नको. लोक इथे मन हलके करायला येतात."

विश्वस्त सज्जन आहेत आणि त्यांच्या नकारात आकस नव्हता. म्हणूनच त्याला उत्तर द्यावेसे वाटते. त्यांच्यासारखे पुष्कळ लोक मानतात की दुःखाचे नाटक नाट्यगृहात असावे आणि देऊळ देवळाच्या जागी असावे. उलट दुसरीकडे काही उत्साही मंडळी कोणतेही नाटक कोणत्याही पडक्या वाड्यात, विहिरीत, गोदामात नेऊन बसवतात, आणि जागा नवी म्हणून प्रयोगही नवा समजतात. माझे म्हणणे या दोघांहून वेगळे आहे. जागा वेगळी असून भागत नाही, ती त्या गोष्टीची असावी लागते.

गोष्ट जपानातली आहे. 'सुमिदागावा' हे नो परंपरेतील नाटक पंधराव्या शतकात कान्झे मोतोमासा याने रचले. क्योतोची एक आई, पळवून नेलेल्या आपल्या मुलाच्या शोधात वेडी होऊन सुमिदा नदीच्या काठी येते. नावाडी तिला आधी नावेत घेत नाही, मग घेतो. पलीकडच्या तीरावर लोक जमलेले दिसतात. कशासाठी, असे कोणी विचारते, तेव्हा नावाडी वल्हवता वल्हवता सांगतो की बरोबर वर्षापूर्वी याच दिवशी एक परका मुलगा येथे आजारी पडून मेला, त्याच्या थडग्यापाशी आज नामजप आहे. त्या मुलाचे नावगाव ऐकता ऐकता आईला कळते की तो आपलाच. ती थडग्यापाशी जाते, लोकांबरोबर अमिताभ बुद्धाचे नाम घेते, आणि त्या नामघोषात तिला मुलाचा आवाज ऐकू येतो. पहाट होते, तेव्हा समोर गवताने झाकलेला मातीचा ढिगारा तेवढा उरलेला असतो.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन याने हे नाटक १९५६ साली तोकियोत पाहिले आणि ते त्याच्या मनातून गेले नाही. आठ वर्षांनी, १३ जून १९६४ रोजी, त्याची 'कर्ल्यू रिव्हर' ही संगीतिका सफोक परगण्यातील ऑरफर्ड या लहानशा गावच्या चर्चमध्ये झाली. विल्यम प्लोमरने शब्द लिहिले. सुमिदा नदीची इंग्लंडच्या पाणथळ मुलखातली नदी झाली, बुद्धाच्या नामजपाच्या जागी मठातले जुने लॅटिन स्तोत्रगान आले. मठातले साधूच प्रेक्षकांसमोर वेष चढवतात, गोष्ट करून दाखवतात आणि शेवटी वेष उतरवून गात गात निघून जातात. वेड्या आईचे काम पीटर पिअर्स या पुरुष गायकाने केले. बालगंधर्वांच्या भूमिकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याकडील रसिकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही.

ब्रिटनला नाट्यगृह मिळत नव्हते म्हणून तो चर्चमध्ये गेला, असे मात्र नाही. दहाच वर्षांपूर्वी त्याची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही तितकीच काळोखी संगीतिका व्हेनिसच्या प्रसिद्ध नाट्यगृहात झाली होती. ऑरफर्डला तो गेला, कारण या गोष्टीला त्या दगडी भिंती हव्या होत्या. दगडी वास्तूत स्वर लगेच विरत नाही, मागच्या स्वराची सावली पुढच्यावर पडते. भराभर बदलणारे दाट संगीत अशा जागी गढूळ होते. म्हणून त्याने साज सातच ठेवले: बासरी, हॉर्न, व्हिओला, डबल बास, हार्प, तालवाद्ये आणि लहान ऑर्गन. सगळ्यांची चाल बहुतेक एकाच धुनेवरची, पण प्रत्येक जण ती थोडी मागेपुढे, आपापल्या वळणाने घेतो. समोर काठी हलवणारा संचालक नाही. एकमेकांचे ऐकून थांबायचे आणि एकमेकांचे ऐकून पुढे जायचे. या थांबण्यासाठी ब्रिटनने स्वरलिपीत एक नवी खूणच घातली.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले, कारण ही खूण आमच्या घरात न लिहिता पाळली जात होती. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, बडोदे संस्थानच्या कलावंत खात्यात पोरवयात पेटीवर साथीला लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले, दरबार संपला, पण पेटी संपली नाही. मी त्यांच्या पन्नाशीत झालेला मुलगा. त्यांनी मला शिकवलेली साथ म्हणजे हेच: गवयाच्या अर्ध्या श्वासाने मागे राहायचे, त्याची जागा आपल्या बोटांत घ्यायची, आणि तो थांबला की आपण थांबलो हे कोणाला कळूसुद्धा द्यायचे नाही. ते कोणत्याही नव्या जागी गेले की बैठकीआधी पेटीचा एक स्वर हलक्या भात्यावर धरून ठेवीत आणि मान खाली घालून ऐकत बसत. "काय ऐकता?" असे मी लहानपणी विचारले होते. म्हणाले, "ही खोली काय म्हणते ते."

२०१३ साली मी ते विसरलो. हरिश्चंद्राच्या आख्यानावर आम्ही एक छोटी संगीतिका बसवली होती. स्मशानातला प्रवेश, तारामतीच्या मांडीवर रोहिदास. नाट्यगृह महाग होते आणि खरे सांगायचे तर मला नाट्यगृह नकोही होते. काही तरी वेगळे करून दाखवण्याची हौस होती. एका ओळखीच्या गृहस्थांचे जुने गोदाम रिकामे होते. विटांच्या उघड्या भिंती, उंच पत्रे, कोपऱ्यात काळोख. माझ्या डोळ्यांना ते स्मशान वाटले आणि तेवढ्यावर मी जागा ठरवली, कानांना विचारले नाही. प्रयोगाच्या दिवशी पत्र्याखाली शब्द एकमेकांत मिसळून नुसता घोंगाट झाला. मग ऐनवेळी ध्वनिक्षेपक आणले, त्यांनी घोंगाट मोठा केला. छायाचित्रे उत्तम आली. लोकांनी जागेची तारीफ केली, गाण्याविषयी कोणी बोलले नाही.

नाना तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. रिक्षातून घरी येताना बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "अरे, पोर दिसलं आणि आई दिसेनाशी झाली." मी शेजारच्या एका गोड मुलाला पांढऱ्या कापडात निजवले होते. त्याचा पाय हलतो की काय, याकडेच सगळ्यांचे डोळे होते. मी त्या वेळी वाद घातला. म्हटले, आजच्या प्रेक्षकाला दिसावे लागते. नाना काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले.

त्यानंतर केव्हा तरी 'सुमिदागावा'विषयी वाचताना मला हाच वाद सहाशे वर्षांपूर्वीचा सापडला. नाटककार मोतोमासा हा नो परंपरेचा थोर आचार्य झेआमी याचा मुलगा. झेआमी हाही आमच्या नानांसारखा सत्ताधीशाच्या आश्रयाने वाढलेला कलावंत, शोगुन योशिमित्सूच्या मर्जीतला. बापाने मुलाला सुचवले की शेवटी मुलाचे भूत रंगभूमीवर प्रत्यक्ष आणू नकोस, न दाखवलेस तर अधिक रंगेल. मुलगा म्हणाला, तसे करणे मला जमणार नाही. आणि त्याने मूल आणले. ब्रिटननेही पुढे मुलाचा आत्मा दाखवला. म्हणजे मुलाचे अगदीच चुकले, असे काळानेही म्हटलेले नाही. बाप बरोबर की मुलगा, याचा निकाल देण्याची माझी योग्यता नाही. माझ्या पुरते मला एवढे उमगले आहे की काय दाखवायचे आणि काय नाही, हे जागेला विचारल्यावाचून ठरत नाही.

ऑरफर्डच्या चर्चमध्ये बसलेली गावातली माणसे त्याच भिंतींच्या आत आपल्या मुलांचे बाप्तिस्मे करीत आली होती आणि आपली मयते तेथून निघालेली त्यांनी पाहिली होती. सहा वर्षांपूर्वी, १९५८ साली, ब्रिटनच्या 'नोयेज फ्लड' या नोहाच्या प्रलयकथेत त्याच चर्चमध्ये परिसरातील शाळकरी मुले गायली होती आणि प्रेक्षकांनी उभे राहून स्तोत्रे म्हटली होती. बाहेरच्या पाहुण्याला ती जागा चमत्कारिक वाटली असेल, गावकऱ्याला ती घरची होती. थडग्याची गोष्ट त्याला नव्याने समजावून सांगावी लागत नव्हती. माझ्या गोदामात मात्र कोणाचेही काही घडलेले नव्हते. तेथे दुःख मला बाहेरून आणून मांडावे लागले, आणि बाहेरून आणलेल्या दुःखाला कापड, दिवे आणि निजलेला मुलगा लागतो.

म्हणून मला सभामंडप हवा आहे. विश्वस्त म्हणतात, मेलेल्या पोराची गोष्ट देवळात नको. पण आपण ती देवळातच ऐकत आलो. तारामती रोहिदासाला घेऊन स्मशानात गेली, ते मी प्रथम कीर्तनात ऐकले, आजीच्या पदराला धरून, याच देवळात. चांगुणेने चिलयाबाळाला उखळात कांडले, त्याहून काळोखी गोष्ट कोणत्या परदेशी संगीतिकेत आहे? ते आख्यान ऐकताना बायका पदराने डोळे पुसत आणि मग प्रसाद घेऊन घरी जात. कोणाला अशुभ वाटले नाही. मन हलके करण्याची एक रीत हीही आहे, आणि माझ्या मते ती जुनी आणि खात्रीची आहे. कीर्तनात चिलया उठतो आणि जपानी गोष्टीतला मुलगा उठत नाही, हा फरक मी नाकारत नाही. पण तेथेही आई शेवटी जे करते, ते नामस्मरणच आहे.

ब्रिटनची संगीतिका आम्ही करणार नाही. ती आमच्या आवाक्यातली नाही आणि तिचा मान तिला असू दे. जुन्या गोष्टीवरून आम्ही मराठी पदे बांधली आहेत. एक आई, एक नावाडी, चार जणांचे साथीचे गाणे, पेटी, बासरी, मृदंग आणि झांज. दिवे देवळाचेच. समईच्या उजेडात सत्तरऐंशी माणसे बसतील तेवढी बसतील. मूल दिसणार नाही. नामगजर वाढत जाईल आणि त्यात एका खांबाआडून एक लहान आवाज येईल, बस. त्या मंडपात बसणाऱ्या माणसांना आपापले कोणी तरी आठवेलच. ते मी दाखवायला गेलो तर पुन्हा तीच चूक होईल.

विश्वस्तांच्या भीतीत खरे आहे तेवढे मी पदरात घेतो. देऊळ हे तमाशाचे ठिकाण नव्हे. छायाचित्रे काढू दिली जाणार नाहीत. आरतीची वेळ चुकणार नाही. ज्या घरात नुकते दुःख झाले आहे, त्या घरच्यांना गोष्ट काय आहे ते आधी सांगितले जाईल, म्हणजे कोणी नकळत येऊन बसायला नको. याहून आणखी अटी असतील तर त्याही मान्य आहेत.

परवा दुपारी देवळात कोणी नव्हते, तेव्हा मी नानांची पेटी घेऊन तेथे गेलो. पुजाऱ्यांना विचारून खांबाशी बसलो आणि एकच स्वर हलक्या भात्यावर धरला. तो छतापर्यंत गेला, थोडा रेंगाळला आणि अगदी स्वच्छ विरला. शब्द नीट ऐकू येतील. विश्वस्तांना माझी पुन्हा विनंती आहे. निर्णय काहीही द्यावा, पण त्याआधी एखाद्या गुरुवारी संध्याकाळी माझ्या वर्गात येऊन आमची तालीम ऐकावी. खोली लहान आहे, पण तुमच्यासाठी सतरंजी घालून ठेवू.