किल्ला नसलेल्या टेकड्या

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत 'आपला डोंगर' म्हटलं की सह्याद्रीच डोळ्यांपुढे येतो. ज्यांनी सातारा कधी पाहिला नाही, तेही तसंच बोलतात. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ दिला, त्या तळाचं लष्कर नावाचं शहर झालं. निंबाळकर की गोठ, शिंदे की छावनी या मोहल्ल्यांच्या नावांत तो तळ अजून आहे. पण या गल्ल्यांत वाढलेल्या आम्हा मुलांचे गुडघे फुटले ते इथल्या तांबूस वालुकाश्मावर. आमच्या बालपणाचा डोंगर हाच होता, आणि त्याला आपला म्हणायला आम्ही फार उशीर केला.

कंपू भागाजवळच्या टेकडीवर मांढरे की माता आहे. जयाजीराव शिंद्यांच्या काळात मांढरे घराण्याने बसवलेली ही देवी. नाव ऐकताच मांढरदेवचा डोंगर आठवतो. जयविलास राजवाड्यातून राजाला तिचं दर्शन घडावं अशी ही जागा निवडली, असं जुनी माणसं सांगत. दसऱ्याला इथे शिंदे घराण्याचं शमीपूजन होतं आणि सोनं लुटायला झुंबड उडते. लहानपणी आम्ही सोनं मुठीत धरून वर चढत असू. वरून पलीकडच्या टेकड्या दिसत, उघड्या, काटेरी झुडपांच्या. जूनमध्ये पाऊस यायच्या आधीच, नुसत्या दमट हवेने करधईची झाडं हिरवी होत. आजी ती पाहून म्हणायची, "आला आता."

आता वरून उतारच दिसत नाहीत. घरावर घर चढत माथ्यापर्यंत पोचलं आहे. तिथे राहणाऱ्या गरिबांना दोष देऊ नये. शहराने त्यांना सपाटीवर जागा दिली नाही. पण उतार उघडा पडला की पाणी मुरत नाही, दगडमाती घेऊन खाली धावतं. ते जिच्यात उतरायचं त्या स्वर्णरेखा नदीचा तळही सिमेंटने बांधून टाकला. लोक आज तिला नालाच म्हणतात. तिकडे बिलौआच्या खाणींत अख्खे डोंगर खडी होऊन ट्रकमध्ये चढतात.

गोपाचलाची टेकडी तेवढी टिकली, कारण तिच्यावर किल्ला आहे. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला कायद्याने बंदी आहे. ज्या टेकडीवर मानसिंह तोमराने महाल बांधला नाही, तिला असं कवच कुठून मिळणार? पुण्याने मात्र शहरात समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलं. तिथेही अतिक्रमणं झाली, हे खरं. तरी नकाशावर टेकडी टेकडी म्हणून नोंदली गेली, म्हणून नागरिकांना तिच्यासाठी भांडता येतं.

ग्वाल्हेरच्या विकास आराखड्यात उरलेल्या प्रत्येक टेकडीची हद्द, तिचे उतार आणि तिचे ओहोळ नावानिशी दाखवले जावेत. इथल्या मराठी मंडळांनी ही मागणी लेखी करावी, आणि येत्या दसऱ्याआधी करावी. सोनं द्यायला लोक मांढरे की मातेच्या टेकडीखाली जमतीलच. तिथेच सह्या घेता येतील.