रस्ता बंद करण्यापूर्वी...

पौष महिना लागला की सातारा जिल्ह्यातील औंध गावाला यमाईदेवीच्या यात्रेचे वेध लागतात. मूळपीठाच्या डोंगरावर आणि खाली गावातल्या मंदिरात दर्शनासाठी रीघ लागते. असंख्य घराण्यांची ही कुलदेवता. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि कर्नाटकातूनही भाविक येतात. एके काळी बैलगाड्या येत आणि माळावर सुटत. बैलांना वैरण-पाणी दाखवले की यात्रेकरू पायी देवीकडे वळे. आज येणारा भाविक मोटारीने येतो, आणि शक्य झाल्यास थेट देवीच्या पायरीपर्यंत मोटार नेण्याची त्याची इच्छा असते. संस्थानकाळात घोडे, मेणे आणि माणसे यांच्या बेताने आखलेले गावचे रस्ते मात्र तेवढेच राहिले आहेत. मग अपरिहार्यपणे बांबू आडवे बांधले जातात, लोखंडी अडथळे उभे राहतात, वाहने गावाबाहेर थांबवली जातात, आणि जेथे वाहन थांबते तेथे पावती पुस्तक घेऊन कोणीतरी उभा असतो.

यात्रेकरूची त्या दिवसाची अडचण दर्शन होताच संपते. ज्याचे घर अडथळ्याच्या आतल्या बाजूस आहे, त्याची अडचण वेगळी आहे. यात्रा असली म्हणून गाईचे दूध काढायचे थांबत नाही. ते दूध डेअरीवर वेळेत पोचवावे लागते. दिवस भरलेली सून, डायलिसिसवर असलेले वडील, बारावीच्या सराव परीक्षेला निघालेली मुलगी, सकाळची एस. टी. पकडून नोकरीवर जाणारा कारकून, यांपैकी कोणाचाही दिवस पंचांग पाहून थांबत नाही. घरी परतणाऱ्याला स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी अडवले जाते. ‘वाहन आत जाणार नाही’ असे त्याला सांगणारा पोलीस बहुधा दुसऱ्या ठाण्यातून बंदोबस्तासाठी आलेला असतो. त्याला गल्ली ठाऊक नसते आणि माणूसही ठाऊक नसतो. तो हुकमाचा ताबेदार. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. लेक-जावई यात्रेला आले तर त्यांच्या गाडीचीही पावती फाडली जाते. रक्कम किरकोळ असते, पण आपल्याच गावात आपल्याच माणसांनी पैसे मोजून थांबायचे, हा सल मनात राहतो.

हे चित्र एकट्या औंधचे नाही. आषाढीतील पंढरपूर, नवरात्रातील तुळजापूर, गणेशोत्सवातील पुण्याच्या पेठा, सिंहस्थातील नाशिक, सुट्ट्यांमधील महाबळेश्वर; जेथे गर्दी येते तेथील रहिवासी काही दिवस स्वतःच्या दारात परका होतो. महाराष्ट्रातील फार मोठा मध्यमवर्ग आणि कष्टकरी वर्ग अशा वस्त्यांमध्ये राहतो. म्हणून या प्रश्नाकडे किरकोळ तक्रार म्हणून पाहून चालणार नाही.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. गर्दीच्या दिवशी रस्ते बंद करणे हा प्रशासनाचा आडमुठेपणा नव्हे. सातारा जिल्ह्याने याचा धडा अत्यंत दारुण किंमत देऊन घेतला आहे. दि. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेलाच, वाई तालुक्यातील मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे तीनशे भाविक प्राणास मुकले. चढणीची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाटीने मांडलेली दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, पाठोपाठ दुकानांना लागलेली आग आणि फुटलेले गॅस सिलिंडर. त्यानंतर न्या. राजन कोचर यांच्या आयोगाने चौकशी केली. त्या दिवशी वाट मोकळी असती, वर जाणारे आणि खाली येणारे वेगळे केले असते, तर कितीतरी घरांत आज दिवा लागला असता. हे स्मरण असणारा कोणीही विचारी माणूस ‘बंदोबस्त नको’ असे म्हणणार नाही. प्रश्न बंदोबस्त असावा की नसावा हा नाही. तो कोणाला विचारून ठरवला जातो, कोणाला कधी सांगितला जातो आणि त्यातून जमा होणारा पैसा कोठे जातो, हा आहे.

कायदा याबाबतीत मुका नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करायची असेल तर ती शासकीय राजपत्रात अधिसूचित करावी लागते आणि रस्त्यावर तसे फलक लावावे लागतात. मनाई एक महिन्यापेक्षा अधिक काळाची नसेल तर राजपत्राची अट शिथिल होते. पण परिस्थितीनुसार शक्य ती स्थानिक प्रसिद्धी दिली पाहिजे, हे बंधन उरतेच. कलम ११७ तर वाहने कोठे उभी करावीत हे ठरवताना त्या भागातील स्थानिक स्वराज्य संस्थेशी विचारविनिमय करण्यास सांगते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मध्ये यात्राकर, जत्रा-उत्सवांवरील कर आणि गाडीतळ व टांगातळावरील फी यांची तरतूद आहे. म्हणजे यात्रेच्या काळात गावाने वाहनतळाचे पैसे घेणे यात मुळात बेकायदेशीर काही नाही. टांग्यांच्या जागी मोटारी आल्या, एवढेच. परंतु ‘स्थानिक प्रसिद्धी’ म्हणजे आदल्या रात्री कार्यालयाच्या भिंतीवर डकवलेला कागद नव्हे, आणि ‘विचारविनिमय’ म्हणजे सरपंचांना केलेला एक दूरध्वनी नव्हे. कायद्याचे शब्द पाळले जातात. त्यांचा आशय मात्र अडथळ्याच्या बाहेरच थांबतो.

शहरांतील अनुभवही हेच सांगतो. औंध म्हटले की आज शहरी वाचकाला पुण्याचे उपनगर आठवेल. तेथे स्मार्ट सिटी योजनेतून डीपी रस्त्याचे पदपथ रुंद झाले. पायी चालणाऱ्यांनी त्याचे स्वागत केले, तर वाहन लावण्याची जागा गेलेल्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी तक्रारी केल्या. त्याच पुण्यात मार्च २०१८ मध्ये महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने पार्किंगचे नवे धोरण पाच रस्त्यांपुरते प्रायोगिक म्हणून मान्य केले. घरासमोर रात्री उभ्या राहणाऱ्या वाहनांवर शुल्क लावण्याच्या मूळ प्रस्तावावर एवढा रोष उसळला की ती तरतूद वगळावी लागली. पुढे त्या पाच रस्त्यांवरील अंमलबजावणीही वर्षानुवर्षे रेंगाळली. धोरणामागचा विचार चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. सार्वजनिक रस्ता ही सर्वांची मालमत्ता आहे. ज्याच्याकडे दोन मोटारी आहेत त्याने ती फुकट अडवावी आणि ज्याच्याकडे सायकलही नाही त्याने जीव मुठीत धरून रस्त्याच्या मधोमध चालावे, हा न्याय नव्हे. पण पैसे कशासाठी आणि ते खर्च कोठे होणार याची खात्री लोकांना वाटली नाही. विश्वास नसेल तेथे दहा रुपयांचे शुल्कही जिझियासारखे भासते. विश्वास असेल तेथे शंभर रुपये माणूस वर्गणी म्हणून देतो.

हा विश्वास कसा निर्माण होतो याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. कासचे पुष्पपठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक म्हणून समाविष्ट झाले आणि फुलांच्या हंगामात तेथे पुण्या-मुंबईच्या मोटारींचा पूर लोटू लागला. बामणोलीकडच्या गावकऱ्यांचा साताऱ्याला येण्याचा रस्ताही तोच. कोंडीत पहिला अडकला तो हा गावकरी. पण तेथे वन विभागाने परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना सोबत घेतले. पर्यटकांच्या संख्येवर दररोजची मर्यादा आली, प्रवेशाला आणि वाहनाला शुल्क आले, आणि वाहनतळावर, फाटकावर, पठारावर उभे राहणारे हात स्थानिक तरुणांचे झाले. तेथील व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. शनिवार-रविवारची कोंडी अजूनही होते. तथापि ज्याच्या गावात गर्दी येते, त्याच्या हाती व्यवस्थेचा आणि उत्पन्नाचा काही वाटा असला पाहिजे, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

आणि हे तत्त्व औंधला कोणी नव्याने शिकवावे असेही नाही. किंबहुना औंधनेच ते देशाला शिकवले. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपल्या प्रजेला संपूर्ण जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंध संस्थानाचे स्वराज्य संविधान अमलात आले. महात्मा गांधींचा सल्ला, राजपुत्र अप्पासाहेब पंतांचा पुढाकार आणि पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांचे परिश्रम त्यामागे होते. गावोगाव निवडून आलेल्या पंचायती, त्यांवर तालुक्याची समिती आणि सर्वांत वर प्रतिनिधींची सभा, अशी ती खालून वर चढणारी रचना होती. औंध, आटपाडी, कुंडल आणि कर्नाटकातील गुणदाळ अशा विखुरलेल्या तुकड्यांत बहात्तर गावांचे हे चिमुकले संस्थान पसरले होते. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला भिंतीविना तुरुंग उभारण्याचे धाडस याच राज्याने केले. ज्याने गुन्हा केला त्याच्यावरही विश्वास टाकणारे ते राज्य होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि प्रयोग थांबला. पण ज्या भूमीवर एका राजाने आपला अधिकार आपण होऊन गावच्या पारावर नेऊन ठेवला, त्या भूमीवर आज गल्ली बंद करताना गल्लीला विचारले जाऊ नये, हे आपल्या लोकशाहीला शोभणारे नाही.

यावर उपाय अवघड नाहीत आणि खर्चिकही नाहीत. सर्वसाधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पौषातील यात्रेचा वाहतूक आराखडा मांडावा: कोणता रस्ता, कोणत्या दिवशी, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत बंद, वाहनतळ कोणत्या शिवारात, दर काय, ठेका द्यायचा की गावच्या मंडळांनी सांभाळायचा. बंद भागातील प्रत्येक घराला आधीच प्रवेशपत्रे द्यावीत. रुग्णवाहिका, दूधगाडी आणि शाळेच्या वाहनासाठी एक मार्ग कोणत्याही परिस्थितीत मोकळा ठेवावा. प्रत्येक अडथळ्यापाशी पोलिसासोबत गल्लीतील माणसे ओळखणारा एक स्थानिक स्वयंसेवक असावा. आणि यात्रा संपल्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेत पावती पुस्तकांचा हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा: इतके जमले, त्यातून ही गटारे, हे दिवे, ही स्वच्छतागृहे. ज्या पैशाचा हिशेब चावडीवर वाचला जातो, त्या पैशाबद्दल कुजबुज होत नाही. शहरातील प्रभागांनाही हेच लागू आहे. तेथे ग्रामसभेच्या जागी सोसायट्यांची व मंडळांची बैठक असेल, इतकाच फरक.

मात्र हक्क मागणाऱ्या रहिवाशानेही आरशात पाहिले पाहिजे. ओटा दोन फूट पुढे कोणी ओढला? दुकानाचा पत्रा रस्त्यावर कोणी आणला? यात्रेच्या चार दिवसांसाठी दारासमोरची सार्वजनिक जागा फेरीवाल्याला भाड्याने देणारे हात कोणाचे असतात? घरात वाहन ठेवायला जागा नसताना दुसरी मोटार घेऊन ती कायमची रस्त्यावर लावणारा ‘माझ्या दारासमोर शुल्क का?’ असे विचारतो, तेव्हा त्याच्या आवाजाला धार राहत नाही. मांढरदेवीची वाट अरुंद केली ती केवळ निसर्गाने नव्हे. माणसांच्या लोभानेही केली. रस्ता आपला आहे असे म्हणायचे असेल, तर तो मोकळा ठेवण्याचे उत्तरदायित्वही आपलेच आहे.

आमच्या वाचकांपैकी कितीतरी जणांनी वारीत, यात्रांत, पूर-भूकंपात उन्हातान्हात उभे राहून सेवा केली आहे. गर्दीला शिस्त कशी लावायची हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यांना आमची विनंती एवढीच, की या वेळी शिट्टी हाती घेण्यापूर्वी चार महिने आधी ग्रामसभेत किंवा प्रभागाच्या बैठकीत जाऊन बसावे. अडथळ्यापाशी उभे राहून भाविकाला वाट दाखवणे ही सेवा आहेच. तो अडथळा कोठे असावा हे ठरवताना गल्लीतल्या आजारी म्हातारीची आठवण करून देणे, हीदेखील तितकीच मोठी सेवा आहे. पौषात यमाईचा रथ पुन्हा निघेल. तो ज्या घरांवरून जातो, त्या घरांनी त्या दिवशी दार लावून आत बसायचे की ओवाळणीचे तबक घेऊन उंबरठ्यावर यायचे, हे बऱ्याच अंशी आपल्या तयारीवर अवलंबून आहे.