तयार उत्तरे म्हणजे मदत नव्हे

बारावीच्या मुलांना भौतिक-रसायनशास्त्राची तयार उत्तरे पाठ करायला द्यावीत, म्हणजे वेळ वाचतो, हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचे मत मला पटत नाही. त्यांची कळकळ खरी आहे. उपाय मात्र चुकीचा आहे.

परवा शेजारची मुलगी एक गणित घेऊन आली. प्रथम कोटीची अभिक्रिया, अर्धायुकाल 30 मिनिटे. 75 टक्के पूर्ण व्हायला किती वेळ? पाठ केलेले सूत्र आठवेना, म्हणून ती रडकुंडीला आली होती. मी एवढेच विचारले, ‘‘30 मिनिटांनी किती उरले?’’ ‘‘निम्मे.’’ ‘‘आणखी 30 मिनिटांनी?’’ ती थबकली आणि म्हणाली, ‘‘पाव! म्हणजे 60 मिनिटे!’’ मग सूत्रही तिने स्वतःच मांडले.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. तिथे आकडा बदलला की पाठांतर कोलमडते. म्हणून मुलाला आधी दिलेली माहिती एककांसह लिहायला लावावी, मग सूत्र, शेवटी आकडेमोड. अडेल तिथे एक प्रश्न विचारावा आणि थांबावे. त्या थांबण्यातच खरे शिकवणे आहे.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा