पट्टकृमीचे अंडे आणि अर्धवट शिकवण

डुकराच्या मांसातील पुटी माणसाच्या पोटात गेली, की तिचा पट्टकृमी होतो, हे जर्मन वैद्य क्यूखेनमाइस्टर याने १८५५ मध्ये प्रयोगाने दाखविले. तेव्हापासून 'मांस नीट शिजवावे' हा उपदेश रूढ झाला. तो योग्य आहे; पण अपुरा आहे.

या कृमीचे अंडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. त्याचा व्यास जेमतेम ०.०४ मिलिमीटर. आत सहा आकड्यांचा भ्रूण आणि त्याभोवती जाड आवरण. केराटिनसारख्या प्रथिनाचे ठोकळे एकमेकांस चिकटून ही जणू विटांची तटबंदीच झालेली असते. तिच्या आश्रयाने भ्रूण ओलसर मातीत दीर्घकाळ तग धरतो. आतड्यातील पाचकरसांनी मात्र सांधे विरघळतात. मोकळा झालेला भ्रूण रक्तावाटे मेंदूतही पोहोचतो व तेथे त्याची पुटी होते. भारतातील अपस्माराच्या प्रमुख कारणांत या पुटीची गणना होते.

ही अंडी मांसातून येत नाहीत. ती मानवी विष्ठेने दूषित झालेले हात, पाणी आणि कच्च्या भाज्या यांतून येतात. म्हणून शाकाहारी मनुष्यही निर्धास्त राहू शकत नाही. स्वयंपाकघराइतकेच शौचालयही आरोग्याच्या पाठात आले पाहिजे.