गर्भावर सोडलेले अस्त्र



‘हिरोशिमावर बॉम्ब पडला म्हणून युद्ध थांबले, नाहीतर आणखी लाखो मेले असते,’ असे आपल्यातले जाणते लोकही सहज बोलून जातात. वाक्य दयेचे वाटते, म्हणूनच ते पारखून घ्यावे.

त्यात तथ्य अजिबात नाही, असे नाही. जपानी फौजेने चीनमध्ये अनन्वित अत्याचार केले होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य जपानच्या भूमीवर उतरणार होते, आणि त्यात दोन्हीकडचे असंख्य जवान पडले असते. पण जवानांचे मरण टाळायचे म्हणून ते कोणाच्या माथी मारले? ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमात शाळकरी मुले, आग पसरू नये म्हणून पाडलेल्या घरांचा ढिगारा उचलत होती. त्यांतली हजारो मुले गेली. वर्षअखेरपर्यंत त्या एका शहरात सुमारे १,४०,००० माणसे मेली.

तीन दिवसांनी दुसरे विमान निघाले ते कोकुरा शहरावर. ढग-धुरामुळे लक्ष्य दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. कोणी जगावे नि कोणी मरावे हे आभाळाने ठरवले! याला न्याय म्हणावे काय?

‘दुसरा मार्गच नव्हता,’ असेही म्हणतात. बादशहाचे पद राखू, एवढे स्पष्ट आश्वासन जपानला आधी दिले गेले नाही. शरणागतीनंतर मात्र बादशहा गादीवर राहिलाच. जे नंतर देता आले, ते आधी देऊन का पाहिले नाही?

महाभारत आठवा. अश्वत्थाम्याने ब्रह्मास्त्र सोडले, अर्जुनानेही सोडले. जग जळेल म्हणून ऋषी मध्ये उभे राहिले, तेव्हा अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. बाजू धर्माची होती, तरी अस्त्र मागे घेतले ते त्यानेच. अश्वत्थाम्याने मात्र आपले अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवले. हिरोशिमात आईच्या पोटात असलेली काही बाळेही त्या किरणांमुळे लहान डोक्याची, बुद्धीची वाढ खुंटलेली जन्मली. ज्याने अजून डोळे उघडले नाहीत, तो कोणत्या युद्धाचा शत्रू?

माउली, आज हे अस्त्र आपल्या देशाकडेही आहे. आपण ते प्रथम वापरणार नाही, असे धोरण देशाने जाहीर केले आहे. तरी ‘एकदाच टाका आणि शेजाऱ्याचा प्रश्न मिटवा’ असे पारावर ऐकू येते. वारीत आपण गाव-जात न विचारता समोरच्याच्या पायावर डोके ठेवतो, कारण त्याच्यात पांडुरंग पाहतो. तो पांडुरंग देशाच्या सीमेपाशी थांबतो काय? थांबत नसेल, तर गळ्यात तुळशीची माळ असताना असल्या बोलण्याला मान डोलवू नका. तिथेच, नम्रपणे पण स्पष्ट, ‘नाही’ म्हणा.